तीन खोक्यांतला पलंग

पलंग आला तेव्हा तो पलंग आहे यावर गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. भाड्याच्या पिकअपमधून तीन चपटी खोकी उतरली आणि राउनाच्या दाराला टेकून उभी राहिली. ऑगस्टचा वारा विंडहूक शहरातल्या कातुतुरा वस्तीच्या गल्ल्यांतून धूळ उडवत फिरत होता. समोरच्या घरातले म्हातारे फिलेमोन, सगळ्या गल्लीचे ताते म्हणजे बाबा, कुंपणावर कोपर टेकवून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "राउना, तू पलंग आणणार होतीस ना? हे तर दरवाजे दिसतायत."

"पलंगच आहे ताते. तुकड्यातुकड्यानं आलाय."

"म्हणजे बैल घ्यायला गेलीस आणि मटणाची पिशवी घेऊन आलीस."

राउना हसली. त्या दिवशी तिला कशाचंही हसू येत होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतःचा असा पहिलाच पलंग घेतला होता. उत्तरेतल्या गावात लहानपणी चटई होती. विंडहूकला आल्यावर बावीस वर्षं लोकांच्या घरी राहून काम केलं, तिथं मागच्या खोलीत मालकांची जुनी गादी जमिनीवर. आता ती एका गेस्टहाउसमध्ये कामाला होती आणि रोज अकरा पलंग आवरायची. चादर कशी ताणायची, कोपरा कसा दुमडायचा, उशी कुठे थोपटायची, हे सगळं तिचे हात झोपेतसुद्धा करू शकले असते. स्वतःच्या पलंगावर मात्र तिनं कधी चादर घातली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी तिचं एरास्टसशी लग्न झालं होतं. एरास्टस पंचावन्नचा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. राउनाचा पहिला नवरा कधीच सोडून गेला होता, त्याचं नावही ती काढत नसे. दोघंही अंगानं चांगली भरलेली. चर्चमध्ये शपथा घेताना पुढचा बाक करकरला तेव्हा पाद्रीसुद्धा क्षणभर थांबले होते. लग्नानंतर दोन संसार एका खोलीत आले. दोन इस्त्र्या, चार मोठी पातेली, ढीगभर ब्लँकेटं, एरास्टसची पत्र्याची पेटी. पाय ठेवायला जागा राहिली नाही. म्हणून हा पलंग, खाली दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार मोठे खण असलेला. दुकानातला सगळ्यात स्वस्त होता, पण खण होते. तीन शनिवार राउना नुसती त्याचे खण उघडून बंद करून घरी आली होती.

"दे इकडे तो स्क्रूड्रायव्हर," एरास्टस बाह्या सरसावत म्हणाला.

"आधी हा कागद बघू या. चित्रं काढून दाखवलंय सगळं."

"चित्रं? अगं, मी भर वाळवंटात एकट्यानं ट्रकचं चाक बदललंय. मला पलंग जोडायला चित्रं लागतात होय?"

राउनानं कागद घडी घालून बाजूला ठेवला. नवं लग्न होतं. पुरुषाच्या हातातलं काम काढून घेतलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते तिला माहीत होतं. एरास्टसनं खुंट्या ठोकल्या, फळ्या आवळणाऱ्या लोखंडी फिरक्या बसवल्या, घाम पुसत फळीला फळी जोडली. दोन तासांनी मागं सरून बघतो तर एका बाजूची फळी उलटी लागलेली. गुळगुळीत बाजू आत, भुशाची खरखरीत बाजू बाहेर.

"भिंतीकडे करू ती बाजू," तो म्हणाला.

"खण भिंतीत उघडायचे का मग?"

पुन्हा सगळं सोडवावं लागलं. सोडवताना एक फिरकी अडकली. एरास्टसनं जोर केला आणि फळीतलं भोक शिळ्या पावासारखं भुगा होऊन बाहेर आलं. लाकूड कसलं, भुसा दाबून केलेला बोर्ड तो. एरास्टसनं त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, फिरकी दामटून बसवली आणि हात झटकले. संध्याकाळी गादी पडली. राउनानं चादर घातली, चारी कोपरे दुमडले आणि दारात उभी राहून नुसती बघत राहिली. रात्री दोघंही जपून झोपली, अंगाखाली झोपलेलं बाळ असावं तशी.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटल्यावर एरास्टसची थोरली बहीण सायमा आली. सायमा म्हणजे साठीची विधवा बाई, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, आणि जिभेला हाड नावालाही नाही. खोलीत खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर धुतलेले कपडे. सायमा सरळ पलंगावर बसली. "मऊ आहे गं," म्हणाली. बहिणीशी बोलायला एरास्टस तिच्या शेजारी बसला. राउना चहा घेऊन आली आणि तिसऱ्या बाजूला टेकली.

आधी कड् असा आवाज झाला. मग गोणी फाटून दाणे सांडावेत तसा धडधड धडधड. मधली फळी सुटली, आडव्या पट्ट्या एकेक करून खाली पडल्या, आणि तिघंही गादीच्या खळग्यात एकमेकांवर घसरली. सायमाची चर्चची टोपी डोळ्यांवर आली आणि पाय वर. चहा भिंतीवर.

कुणाला लागलं नाही. एरास्टसनं बहिणीला ओढून उभं केलं. सायमानं टोपी सारखी केली, पलंगाकडे पाहिलं, राउनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एरास्टस, एलिनाच्या वेळचा तुझा पलंग सोळा वर्षं टिकला. आता माल जड आणलायस बाबा. पलंग कसला आणतोस, पूल बांध पूल!"

आणि एरास्टस हसला.

सायमा बोलली त्याचं राउनाला एवढं काही वाटलं नाही. अंगावरून टोमणे ती दहा वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती, त्यांना आता धार राहिली नव्हती. पण एरास्टस हसला, तेही त्याच्या मेलेल्या बायकोच्या नावावर, हे तिच्या आत कुठेतरी रुतलं. तिनं फडकं घेतलं आणि भिंतीवरचा चहा पुसत राहिली. डाग गेला तरी पुसत राहिली.

सोमवारी पहाटे एरास्टसला माल घेऊन दूर ईशान्येच्या सीमेवरच्या कटिमाला जायचं होतं. निघताना तो दारात घुटमळला. "ते तुकडे राहू दे तसेच. मी आल्यावर बघतो. दुकानात परत नेऊ, नाहीतर जाळायला होतील."

राउना ताटलीला ताटली लावत राहिली. तो गेल्यावर मात्र मोठ्यानं म्हणाली, "माझा पलंग जाळतोय!"

त्या दिवशी गेस्टहाउसमध्ये सहा नंबरची खोली आवरताना ती थांबली. त्या खोलीतला पलंग जुना, मालकीणबाईंच्या आजोबांच्या वेळचा. दहा वर्षांत त्यावर केवढाले पाहुणे झोपून गेले, पण तो कधी कुरकुरलासुद्धा नव्हता. राउनानं झाडू ठेवला, गुडघे टेकले आणि पाठीवर सरपटत पलंगाखाली शिरली.

थोड्या वेळानं मालकीण हेल्गा मॅडम दारात आल्या. बघतात तर पलंगाखालून दोन पाय बाहेर.

"राउना! काय झालं? पडलीस का?"

"नाही मॅडम. ह्याला पाय किती आहेत ते बघतेय."

"चार असतील की."

"नऊ आहेत," खालून आवाज आला. "चार कोपऱ्यांना आणि पाच मधे."

राउना तिथंच आणखी थोडा वेळ पडून राहिली. पलंगाच्या मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत एक जाड दांडा गेला होता आणि त्याच्याखाली पाच ठेंगणे पाय जमिनीवर घट्ट उभे होते. ते बघता बघता तिला आईच्या अंगणातल्या कणग्या आठवल्या. माणसाच्या उंचीच्या, झाडाच्या सालीनं विणलेल्या, बाजरीनं गळ्यापर्यंत भरलेल्या. एकदा पावसानंतर एक कणगी कलंडली तेव्हा राउना म्हणाली होती, "आई, हिची वीण कच्ची आहे." आईनं तिला हाताला धरून खाली वाकवलं आणि कणगीखालचा कुजलेला ओंडका दाखवला. "वीण धान्य धरायला, पोरी. वजन ओंडक्यांनी पेलायचं असतं. कणगीला वजन पेलायला लावलं की ती फाटणारच, तिचा काय दोष?"

राउना पलंगाखालून बाहेर आली ती हसतच. तिच्या पलंगाचंही तेच झालं होतं. खणांची पातळ खोकी नुसती सामान ठेवायला होती आणि माणसांचं सगळं वजन त्यांच्याच कडांवर येत होतं. माणसं जड होती म्हणून पलंग मोडला नव्हता. वजन जमिनीपर्यंत पोचवणारं खाली काही नव्हतंच.

हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावरच्या माणसानं तिचा कागद उलटसुलट करून बघितला. त्यावर तिनं पेन्सिलीनं पलंग काढला होता आणि त्याला पाय.

"मेमे," मोठ्या बाईला म्हणतात तसं आदरानं तो म्हणाला, "हे सुतारकाम आहे. नवऱ्याला पाठवा."

"नवरा कटिमाला आहे. लाकूड इथं आहे. कापून देणार की दुसरीकडे जाऊ?"

त्यानं कापून दिलं. तीन लांब दांडे, अकरा आखूड पाय, लोखंडी एल पट्ट्या, नटबोल्ट आणि सुताराच्या गोंदाची बाटली. टॅक्सीवाल्यानं दांडे खिडकीतून बाहेर काढून आणले आणि वाटभर तक्रार केली.

गुरुवारी तिला सुट्टी असे. सकाळीच ती ताते फिलेमोनकडे ड्रिल मागायला गेली. फिलेमोन तीस वर्षं शवपेट्या बनवत होते. आता गुडघे गेले होते, पण हत्यारं तेल लावून जपून ठेवलेली.

"ड्रिल देतो," ते म्हणाले, "पण एकटं सोडणार नाही त्याला. मी येतो बरोबर. खाली वाकता येत नाही मला, खुर्चीवर बसून बोलेन फक्त."

"बोला की. पलंगातलं कळतं ना तुम्हाला?"

"छे! माझं गिऱ्हाईक कधी कूस बदलत नव्हतं. पण लाकडातलं कळतं."

आणि खरंच कळत होतं. राउना भुशाच्या बोर्डात सरळ स्क्रू पिळायला निघाली तेव्हा ते ओरडले, "थांब! ह्या बोर्डात स्क्रू म्हणजे वाळूत खुंटी. आरपार भोक पाड, बोल्ट घाल, आणि दोन्ही बाजूंना मोठा वायसर लाव, म्हणजे दाब पसरेल." भुगा झालेल्या भोकात त्यांनी गोंदात बुडवलेल्या काड्या ठासून भरायला लावल्या आणि त्या वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. लाकडात स्क्रू घालायच्या आधी बारीक भोक, नाहीतर लाकूड चिरतं. पहिलं भोक वाकडं गेलं. दुसरंही. तिसऱ्यापासून हाताला अंदाज आला. ड्रिल हातात गुरगुरायचं आणि लाकडाचा ताजा वास खोलीभर पसरायचा, आणि राउनाच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

मधला दांडा तिनं उशापासून पायथ्यापर्यंत घातला, आडव्या पट्ट्यांच्या बरोबर खाली, आणि त्याला पाच पाय लावले. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून एकेक दांडा जोडला आणि प्रत्येकाला तीन पाय दिले. चारी कोपऱ्यांत एल पट्ट्या कसल्या. मग मोठ्या आनंदानं तिनं पहिला खण सरकवला, आणि तो अर्ध्यावर अडकला. बाजूच्या दांड्याचा मधला पाय बरोबर खणाच्या वाटेत उभा होता.

राउना जमिनीवर बसकण मारून बसली. जेवणाची वेळ टळून गेली होती, बोटाला फोड आला होता. "ताते, मी मूर्ख आहे."

"असशील. पण स्क्रू उलटाही फिरतो. म्हणून तर मला स्क्रू आवडतो. खिळ्याला माफी नसते."

तिनं दोन्ही बाजूंचे मधले पाय सोडवले आणि दोन खणांच्या मधल्या फटीत आणून बसवले. ह्या वेळी तिन्ही खण सरळ गेले. चौथा मात्र दोन बोटं बाहेरच राहिला. कितीही केलं तरी आत जाईना. शेवटी तिनं तो तसाच सोडून दिला. खोलीची फरशी एका कोपऱ्यात खोल होती, तिथला पाय हवेत राहत होता. त्याच्याखाली एरास्टसच्या जुन्या टायरचा तुकडा कापून सरकवला. मग एकेक पट्टी दांड्याला स्क्रूनं पक्की केली, म्हणजे पुन्हा धडधडत पडायला नको.

चार वाजता काम संपलं. आधी तिनं पिठाची पोती चढवली. मग पोती काढली, गादी टाकली आणि उभी राहिली.

"देवाचं नाव घे आणि बस," फिलेमोन म्हणाले.

"तुम्ही बसा आधी."

"मी? आयुष्यभर मी बनवलं त्यात कधी आधी झोपून बघितलं नाही गं बाई."

राउना बसली. काही झालं नाही. आडवी झाली, ह्या कुशीवर, त्या कुशीवर. मग उठली आणि सगळं अंग टाकून धप्पदिशी आपटली. पलंगानं हूं का चूं केलं नाही. ती छताकडे बघत तशीच पडून राहिली आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत राहिलं. फिलेमोन खिडकीतून बाहेर बघत, उगाच खोकत बसून राहिले.

शुक्रवारी तिनं खण भरले. एकात ब्लँकेटं, एकात पातेली, एकात दोघांचे हिवाळी कपडे. एरास्टसची पेटी रिकामी करताना तळाशी एलिनाचा निळा झगा निघाला, घडी घातलेला, कापराच्या वासाचा. राउनानं तो हातात घेतला. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. झगा लहानशा बाईचा होता, कॉलरला हातानं घातलेली बारीक टीप. कुणीतरी बसून, डोळे ताणून घातलेली. तिनं तो तसाच पेटीत परत ठेवला आणि चौथा खण, तो दोन बोटं बाहेर राहणारा, रिकामाच ठेवला.

शनिवारी दुपारी एरास्टस आला. हातात कागदात बांधलेलं भाजलेलं मटण होतं, अजून गरम, बाजूला तिखट मिठाची पुडी. पलंग बघून तो दारातच थबकला. मग तसाच गुडघ्यांवर आला आणि खाली डोकावला. ट्रकखाली शिरतो तसा खांद्यापर्यंत आत गेला. आतून टकटक आवाज आले. मग त्याचा आवाज आला.

"कुणाला बोलावलंस?"

"कुणाला नाही. ताते फिलेमोन खुर्चीवर बसले होते."

"बोल्ट कुणी लावले?"

"मी."

बराच वेळ तो बाहेरच येईना. पलंगाखालूनच म्हणाला, "राउना, त्या दिवशी मी हसलो."

"हसलास."

"सायमा रागावून बोलायला लागली की मला हसू फुटतं. लहानपणापासून. भीतीनं."

"मला वाटलं माझ्यावर हसलास."

मग तो म्हणाला, "तुझ्यावरच हसलो. खोटं कशाला बोलू? बाराशे किलोमीटरचा रस्ता होता, दुसरं काही सुचलं नाही वाटेत. चुकलं माझं."

राउनाला वाटलं होतं की तो कारणं सांगेल, आणि मग आपल्याला भांडता येईल. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. "बाहेर ये," ती म्हणाली. "मटण गार होतंय."

जेवण झाल्यावर तिनं त्याला चौथा खण दाखवला. "हा तुझ्या पेटीतल्या सामानाला. एलिनाचा झगा तिथं चुरगळतोय." एरास्टस तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं झगा दोन्ही हातांनी आणला, खणात ठेवला आणि खण लोटला. तो दोन बोटं बाहेरच राहिला.

"हा बसत नाही नीट."

"नाही बसत. असू दे."

दुपारी तो त्या पलंगावर जो झोपला तो सूर्य कलेपर्यंत. राउना दार लोटून अंगणात भाजी निवडत बसली. आतून त्याचं घोरणं येत होतं आणि मधून मधून त्याचं कूस बदलणं. पट्ट्यांचा आवाज मात्र नव्हता.

सायमा पुढच्या दोन रविवारी फिरकली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती उभीच राहिली. एरास्टस पाणी आणायला गेला होता. सायमानं पलंगाकडे पाहिलं, वाकून खाली पाहिलं, एक दांडा बोटानं वाजवला.

"तू केलंस म्हणे."

"हो, मेमे सायमा."

"माझा पलंग दोन वर्षं रंगाच्या डब्यांवर उभाय," सायमा खिडकीकडे बघत म्हणाली. "एका बाजूनं झोपावं लागतं. दुसऱ्या बाजूला घसरते मी. कुणाला सांगितलं नाही."

सायमा चाचरली. अशी चाचरलेली तिला कुणी कधी पाहिली नसेल. "तू बघशील का येऊन?"

"गुरुवारी मला सुट्टी असते. लाकूड तुम्ही आणून ठेवा, मापं मी लिहून देते." मग राउनानं हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "आणि मेमे, माझ्या अंगावरून पुन्हा बोलायचं नाही. घरात नाही, चर्चमध्ये नाही."

सायमाच्या नाकपुड्या फुगल्या. राउनानं नजर हलवली नाही. बाहेर एरास्टसच्या बादलीचा आवाज आला.

"बरं," सायमा म्हणाली. आणि मग, आपलं ऐकलं गेलं नसेल अशा शंकेनं, जरा मोठ्यानं, "बरं म्हटलं ना."

गुरुवारी सकाळी राउना फिलेमोनचं ड्रिल पिशवीत घालून सायमाकडे गेली. रंगाचे डबे बाजूला केले आणि पाठीवर सरकत पलंगाखाली शिरली. दांडा धरायला दुसरं कुणी नव्हतं. महिला मंडळाच्या प्रमुखबाई गुडघ्यांवर आल्या, खांदा दांड्याखाली दिला आणि दात आवळून म्हणाल्या, "अजून किती वेळ धरू?"

"दोन स्क्रू राहिलेत मेमे," राउना आतून म्हणाली. "हलू नका."